पेव्हर ब्लॉकखालचा वाळूचा थर

खाली खडी-मुरूम दाबून केलेला पक्का बेस आणि वर ब्लॉक, या दोघांच्या मधे जो २० ते ४० मिलिमीटरचा वाळूचा थर अंथरतात त्याला गवंडी लोक नुसतं 'बेडिंग' म्हणतात. कोल्हापुरात बोळापासून अपार्टमेंटच्या पार्किंगपर्यंत सगळीकडं आता ब्लॉक आलेत, पण ते टिकणार का नाही हे बरंचसं या न दिसणाऱ्या थरावर ठरतं.

वाळू पाट्यानं ओढून सपाट करायची, पण आधी दाबायची नाही, तशीच सैल ठेवून वर ब्लॉक मांडायचे आणि मग प्लेट कॉम्पॅक्टर, म्हणजे हादरे देत दाबणारं सपाट तळाचं यंत्र, फिरवायचा. त्या हादऱ्यानं ब्लॉक नीट बसतो, जाडीतला थोडाफार फरक वाळू गिळते, आणि खालची वाळू २ ते ४ मिलिमीटरच्या फटींत वर चढते. वरून झाडून घातलेली बारीक वाळू तिला येऊन मिळते आणि ब्लॉक एकमेकांना धरतात, मग एका ब्लॉकवर चाक आलं तरी वजन शेजारच्यांत वाटलं जातं.

जास्त वाळू टाकली की काम मजबूत होतं हा पक्का गैरसमज आहे. बेसमधला खड्डा वाळूनं भरला की तिथं थर जाड होतो, गाड्या फिरल्या की तेवढाच भाग खचतो आणि पहिल्या पावसात तिथं डबकं.

वाळू भरड, टोकेरी दाण्याची आणि ४.७५ मिलिमीटरच्या चाळणीतून जाणारी पाहिजे. नदीची वाळू महाग म्हणून क्रशरवरची, म्हणजे खडी फोडताना पडणारी, डस्ट टाकतात, तिच्यात भुकटी फार, पाणी धरून ठेवते, आणि आपल्याकडं पाऊस लागला की दिवस दिवस थांबत नाही! मग पाय ठेवला की ब्लॉक डुलतो आणि फटीतून गढूळ पाणी पिचकारीसारखं पँटवर उडतं, ते पाणी म्हणजे आपलं बेडिंगच बाहेर चाललंय. माल उतरताना काचेच्या बाटलीत थोडी वाळू आणि पाणी घालून हलवा आणि ठेवून द्या, वर गाळाची जाड साय धरली तर गाडी परत पाठवा, भीड बाळगू नका.

कडेला कर्ब, म्हणजे ब्लॉक अडवून धरणारी पक्की कड, नसेल तर वाळू बाजूनं निसटते आणि फटी रुंदावतात. नळाच्या पाइपसाठी ब्लॉक काढले तर तेच ब्लॉक परत बसवता येतात, फक्त चर थराथरानं दाबून भरायचा, चिखल झालेली जुनी वाळू टाकून द्यायची आणि नवी अंथरायची.