जनुकबदल केलेल्या उंदरांची पैदास: कमी उंदीर, कमी त्रास

अंबड एमआयडीसीतल्या आमच्या छोट्या युनिटमधून आम्ही संशोधनासाठी उंदीर पाळणाऱ्या प्राणिगृहांना पैदाशीचं नियोजन आणि जनुक-तपासणी करून देतो.

ऑर्डरआधी एक गोष्ट ठरवा: नेमक्या कोणत्या जनुकरचनेची किती पिल्लं हवीत? आईबाप दोघांकडे बदललेल्या जनुकाची एकेकच प्रत असेल, तर दोन्ही प्रती बदललेल्या असलेलं पिल्लू सरासरी चारांत एक. उरलेल्या तिघांतली बरीचशी कामाला येत नाहीत, आणि त्यांचं पुढे काय होतं हे आपण जाणतो. दोन्ही प्रती बदललेला नर निरोगी आणि प्रजननक्षम असेल तर एक प्रत असलेल्या मादीच्या जोडीला तोच लावा. मग दोनांत एक मिळतं. सध्या न लागणाऱ्या जातीचे शुक्राणू द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवा. पिढ्यानपिढ्या पिंजरे भरत राहू नका.

सरोगेट माद्यांचा, म्हणजे दुसऱ्या उंदरांचे गर्भ ज्यांच्या पोटात वाढवायचे त्या माद्यांचा, हिशोब मात्र सहसा राहून जातो. त्यांना खोटी गर्भधारणा व्हावी, म्हणजे पिल्लं न राहताही शरीर गर्भासाठी तयार व्हावं, म्हणून नसबंदी केलेला नर लागतो. नसबंदी म्हणजे भूल, चिरा, टाके आणि नंतरचं दुखणं. प्रोटामिन-१ जनुकातल्या बदलामुळे जन्मतःच वंध्य असलेले नर वापरले की ही शस्त्रक्रिया टळते. पण त्या जातीतली बदल न आलेली भावंडं जास्तीची ठरतात, म्हणून नर थोडेच लागत असतील तर आधी आमच्याशी बोला. माद्यांच्या पिंजऱ्यात नराच्या पिंजऱ्यातला वापरलेला भुसा टाकला, की तिसऱ्या रात्रीच्या सुमारास बऱ्याच जणी एकदम माजावर येतात. त्यामुळे राखीव माद्या कमी लागतात. ब्लास्टोसिस्ट अवस्थेतले, म्हणजे काही दिवसांचे पोकळ गोळ्यासारखे गर्भ बारीक नळीने थेट गर्भाशयात सोडता येतात, पोट उघडावं लागत नाही.

उंदराला शेपटीने उचलू नका. नळीत शिरू द्या किंवा ओंजळीत घ्या. त्याने भीती कमी होते, हे लिव्हरपूल विद्यापीठातल्या संशोधकांनी 2010 मध्ये दाखवलं. घरट्यासाठी कागदाच्या पट्ट्या भरपूर घाला. निफाडची थंडी आपल्याला ठाऊक आहे, पण एसीतल्या 22 अंशांनाही उंदीर गारठतो. त्याला 30 अंशांच्या आसपास बरं वाटतं.

तपासणीसाठी शेपटीचं टोक नको. ओळखीसाठी कानाला खाच पाडता, तोच तुकडा आम्हाला पुरतो. प्रत्येक तुकडा वेगळ्या ट्यूबमध्ये, उंदराचा क्रमांक लिहून, बर्फाच्या पॅकसह पाठवा. सोबत संस्थेच्या प्राणी नीतिसमितीच्या मंजुरीची प्रत जोडा. शनिवारी कुरिअर करू नका, नमुने रविवारभर पडून राहतात.