गृहपाठ कुणी ‘शोधला’?

‘इटलीतल्या एका शिक्षकाने १९०५ साली शिक्षा म्हणून गृहपाठ शोधून काढला’ हा फॉरवर्ड जून उजाडला की पालकांच्या ग्रुपवर येतोच. दादरहून परतताना लोकलमध्ये मांडीवरच्या दप्तरावर वही ठेवून पाढे लिहिणारं पोर दिसलं की तो पटतोही.

पण साल तपासून बघा. कॅलिफोर्नियात पंधरा वर्षांखालच्या मुलांना गृहपाठ देण्यावर १९०१ सालीच कायद्याने बंदी आली होती. जे अजून शोधलंच नाही, त्यावर बंदी कशी? काही फॉरवर्डांत साल १०९५ असतं (आकड्यांची नुसती अदलाबदल!). तेव्हा तर इटली हा एकसंध देशही नव्हता. तो झाला १८६१ साली.

गृहपाठ किती द्यावा, हा वाद वेगळा. पहिलीतल्या पोराला रोज चार पानं मलाही जास्तच वाटतात.