आयरिश पूर्वजांचा शोध: जमिनीचे पट्टे आणि पॅरिशच्या वह्या

आयरिश पूर्वज शोधणारे बरेच लोक आज आयर्लंडच्या बाहेर राहतात. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, इंग्लंडला गेलेल्यांची ही पाचवी-सहावी पिढी, आणि सुरुवातीला त्यांच्या हातात एक आडनाव आणि कॉर्क किंवा मेयो असं काउंटीचं, म्हणजे जिल्ह्याचं नाव, एवढंच असतं. जुनी जनगणना उघडावी तर तिथे ती नाहीच, कारण १८२१ ते १८५१ च्या जनगणनांचे बहुतेक सगळे कागद ३० जून १९२२ ला यादवी युद्ध सुरू झाल्या झाल्या डब्लिनच्या फोर कोर्ट्समधल्या सरकारी दप्तरखान्यात स्फोट आणि आगीत गेले, १८६१ आणि १८७१ चे सरकारनेच आधी नष्ट केले होते आणि १८८१, १८९१ चे पहिल्या महायुद्धाच्या वेळी लगद्यात गेले. पूर्ण शिल्लक राहिलेली सगळ्यात जुनी जनगणना म्हणजे १९०१ ची. आणि बटाट्याचा मोठा दुष्काळ सुरू झाला १८४५ ला, त्यात साधारण १० लाख माणसं मेली, तेवढीच किंवा जास्तच देश सोडून गेली. म्हणजे ज्यांना शोधायचंय ती माणसं त्या जनगणनेच्या अर्धं शतक आधीच बोटीत बसलेली. मग हातात उरतात त्या दोन गोष्टी, जमिनीचे कागद आणि चर्चच्या वह्या.

दोन्हीची किल्ली एकच, टाउनलँड. हा गावापेक्षा लहान, आपल्या शिवारासारखा स्वतःचं नाव असलेला जमिनीचा तुकडा, आणि असे तुकडे आयर्लंडभर ६० हजारांहून जास्त आहेत. नुसत्या काउंटीवर मर्फी किंवा सलिव्हन शोधणं म्हणजे वर्षं वाया घालवणं, म्हणून आधी परदेशातल्या थडग्यावरची ओळ, नागरिकत्वाचा अर्ज, मृत्यूची बातमी असं सगळं चाळून टाउनलँडचं, निदान पॅरिशचं, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या भागाचं नाव मिळवायचं.

जमिनीच्या कागदांत मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो आयुष्यांचा पट्टा. यात मुदत वर्षांत नसायची. करारात बहुधा तीन माणसांची नावं लिहायची आणि त्यातलं शेवटचं माणूस जिवंत आहे तोवर जमीन कुळाकडे. साहजिकच कूळ स्वतःचं नाव घालायचं आणि सोबत आपल्या लहान, धडधाकट पोरांची, म्हणजे पट्टा लांब चालेल. कोण गेलं, कोण आहे हे पुढे ताडता यावं म्हणून नावाशेजारी नातं आणि वयही लिहिलेलं सापडतं, दुसरा मुलगा, वय ७ असं. जमीनदाराला फक्त खंडाची काळजी होती, पण त्या काळजीतून गरीब घरातल्या पोराचं नाव, बापाचं नाव आणि वय एका ओळीत कागदावर आलं. काही पट्टे कायम नूतनीकरणाचे असायचे, एक माणूस गेलं की नजराणा भरून नवं नाव घालायचं, त्यामुळे मृत्यूचा अंदाजही मिळतो. एक मात्र सांभाळायचं, करारातला प्रत्येक माणूस नातेवाईक नसतो. शेजाऱ्याचं पोर असू शकतं, कधी चक्क राजघराण्यातला राजपुत्र असतो, कारण त्याचा मृत्यू सगळ्यांना कळणारच.

असे पट्टे कुणाला मिळाले त्यामागे राजकारण आहे. १७०४ च्या कायद्याने कॅथलिकांना ३१ वर्षांवरचा पट्टा घेता येत नव्हता, १७७८ मध्ये ती बंदी उठली, आणि १७९३ मध्ये कॅथलिकांना मताचा हक्क मिळाल्यावर तर जमीनदार स्वतःच आयुष्यांचे पट्टे द्यायला लागले, कारण तसा पट्टा आणि त्यावर वर्षाला ४० शिलिंगांची किंमत असलेलं कूळ मतदार व्हायचं आणि जमीनदार सांगेल तिकडे मत द्यायचं. १८२९ ला ही अट १० पौंडांवर नेली. म्हणून १७९३ ते १८२९ च्या मधल्या काळात लहान शेतकरी कागदावर दिसण्याची शक्यता जास्त. पट्ट्यांची नोंद डब्लिनच्या रजिस्ट्री ऑफ डीड्समध्ये असते, ही कचेरी १७०८ पासूनची आहे, पण तिथली सूची जमीन देणाऱ्याच्या नावाने आणि जागेच्या नावाने आहे, कुळाच्या नावाने नाही, म्हणून आधी जमीनदार कोण ते काढायचं. बाकीचे कागद जमीनदार घराण्यांच्या दप्तरात, खंडाच्या वह्यांत. आणि हेही खरं की फार मोठ्या संख्येने गरीब कुळांकडे लेखी पट्टाच नव्हता, ती मालकाच्या मर्जीवर वर्षावर्षाने राहायची.

त्यांच्यासाठी ग्रिफिथ्स व्हॅल्युएशन आहे. १८४७ ते १८६४ दरम्यान छापलेली ही कर-आकारणी, जमीन कसणारा, त्याच्यावरचा जमीनदार, क्षेत्रफळ, किंमत असं सगळं टाउनलँडवार देते. एकाच नावाचे दोघं असले तर बापाचं नाव किंवा टोपणनावही जोडलेलं असतं. त्याआधीची १८२३ ते १८३७ ची टाइद, म्हणजे चर्चला द्यायच्या दशांश कराची वही फक्त शेतजमिनीपुरती आहे. ग्रिफिथनंतरच्या दुरुस्तीच्या वह्या मात्र फार कमी लोक उघडतात याचं मला वाईट वाटतं, कारण जुन्या कुळाचं नाव रंगीत शाईने खोडून वर नवं लिहिलेलं असतं आणि बाजूला साल, म्हणजे मरण, वारसा किंवा परदेशगमन कधीच्या सुमाराचं ते तिथे दिसतं.

आता चर्चच्या वह्या. चर्च ऑफ आयर्लंड या प्रोटेस्टंट चर्चची निम्म्याहून जास्त रजिस्टरं १९२२ च्या आगीत गेली, पण कॅथलिक रजिस्टरं पॅरिशमध्येच होती म्हणून वाचली, आणि राष्ट्रीय ग्रंथालयाने त्यांच्या मायक्रोफिल्म २०१५ पासून फुकट ऑनलाइन ठेवल्यात, साधारण १८८० पर्यंतच्या. सर्व धर्मीयांची सरकारी जन्मनोंद १८६४ लाच सुरू झाली, त्याआधीचं बहुतेकांचं अस्तित्व याच वह्यांत. बाप्तिस्म्याच्या नोंदीत बहुधा आईचं माहेरचं आडनाव असतं आणि दोन धर्मपालकांची नावं, जे पुष्कळदा काका, मावशी, आत्या निघतात. नावं लॅटिनमध्ये असू शकतात, विल्यम तिथे गुलिएल्मस होतो, जेम्स जेकोबस. आडनावाआधीचे ओ आणि मॅक कधी असतात, कधी गळतात. पश्चिमेकडच्या आणि उत्तरेच्या अल्स्टर प्रांतातल्या अनेक पॅरिशांची रजिस्टरं १८२० नंतरच सुरू होतात, दफनाच्या नोंदी तर फारच कमी. आणि कॅथलिक पॅरिशची हद्द सरकारी पॅरिशशी जुळेलच असं नाही, इथेच बरेच जण चुकीच्या वहीत शोधत बसतात.

समजा, १८३० च्या पट्ट्यात मुलगा जेम्स, वय ७ असं आहे. मग १८२२ ते १८२४ चे सगळे जेकोबस त्या पॅरिशमध्ये बघायचे, टाउनलँड जुळतो तो घ्यायचा, आईच्या माहेरच्या आडनावावरून भावंडं काढायची, धर्मपालकांची आडनावं शेजारच्या पट्ट्यांशी ताडायची, आणि ग्रिफिथमध्ये त्याच जागी जेम्स आहे, बाप आहे की विधवा आई, ते बघायचं.