फुटपाथ, बसथांबा, सायकल मार्ग: मुंबईत सरकारी निधी कुठून येतो आणि काम मंजूर कसं करून घ्यायचं

मुंबईत फुटपाथ दुरुस्त करायला, बसथांब्यावर शेड उभारायला किंवा स्टेशनकडे जाणारी वाट चालण्याजोगी करायला सरकारकडे पैसा आहे. पण सोसायटीने फॉर्म भरावा आणि सोसायटीच्या नावाने निधी मंजूर व्हावा, अशी खिडकी मात्र कुठेही नाही. गृहनिर्माण संस्था, रहिवासी संघ, एएलएम (पालिकेकडे नोंदलेले वस्तीतल्या रहिवाशांचे गट) यांच्यापैकी कोणाच्याही खात्यात हा पैसा येत नाही. तुम्ही काम सुचवायचं. त्याची शिफारस लोकप्रतिनिधी करतो किंवा खातं ते आपल्या यादीत घेतं, आणि खर्च सरकारी यंत्रणा करते. त्यामुळे ‘आम्ही पात्र आहोत का’ याच्या आधी ‘आमचं काम पात्र आहे का’ हे बघावं लागतं. त्यातही पहिला प्रश्न पैशाचा नसतोच. तो जमिनीचा असतो.

रस्ता कोणाचा आहे?

महापालिकेच्या ताब्यात सुमारे २,०५० किलोमीटर रस्ते आहेत. पश्चिम आणि पूर्व द्रुतगती महामार्गही २०२२ च्या अखेरीस एमएमआरडीए या महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडून महापालिकेकडे आले. पण वांद्रे-कुर्ला संकुलाचा कारभार एमएमआरडीए पाहते, स्टेशनच्या हद्दीतली जागा रेल्वेची असते, पूर्व किनाऱ्यावरचे बरेच रस्ते बंदर प्राधिकरणाचे आहेत आणि म्हाडा वसाहतींमधल्या अनेक अंतर्गत वाटांचं अजून पालिकेकडे हस्तांतरण झालेलं नाही. शिवाय खासगी लेआऊटमधले रस्ते आहेतच. तिथे सगळं जग चालत असलं तरी कागदावर तो रस्ता मूळ जमीनमालकाचाच असतो. अशा रस्त्यावर सरकारी पैसा सहसा लागत नाही. आधी तो पालिकेकडे वर्ग करून घ्यावा लागतो, आणि ते काम फुटपाथपेक्षा कितीतरी लांबणीचं आहे.

हे शोधायला पालिकेच्या विभाग कार्यालयातल्या (वॉर्ड ऑफिस) परिरक्षण, म्हणजे देखभाल, खात्यात जा. रस्त्याचं नाव, दोन्ही टोकांची खूण आणि जवळच्या इमारतींचे सीटीएस (नगर भूमापन) क्रमांक सोबत ठेवा. विकास आराखडा २०३४ चे नकाशे पालिकेच्या संकेतस्थळावर आहेत, त्यावरून नियोजित रुंदी आणि आरक्षण कळतं. तोंडी उत्तरावर समाधान मानू नका. लेखी मिळत नसेल तर माहिती अधिकारात विचारा. अर्जाचं शुल्क १० रुपये, मुदत ३० दिवस. ‘अमुक रस्ता महापालिकेच्या ताब्यात आहे का आणि त्याची देखभाल कोणतं खातं करतं’ एवढा एकच प्रश्न विचारला तरी पुढचे बरेच हेलपाटे वाचतात.

पालिकेतही कामाची वाटणी आहे. लहानसहान डागडुजी, निघालेले पेव्हर ब्लॉक, तुटलेली कडा हे विभाग कार्यालयाचं परिरक्षण खातं बघतं. मोठे रस्ते आणि त्यांना लागून असलेले फुटपाथ रस्ते व वाहतूक खात्याकडे जातात. पादचारी पूल, स्कायवॉक आणि भुयारी मार्ग पूल खात्याकडे असतात. बसथांबा म्हटला की बेस्ट. झेब्रा पट्टे किंवा सिग्नल हवा असेल तर वाहतूक पोलिसांचं ना हरकत लागतं.

पहिला आणि सगळ्यात मोठा स्रोत: पालिकेचा अर्थसंकल्प

२०२५-२६ चा महापालिकेचा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटी रुपयांचा होता. लोक आमदार-खासदार निधीच्या मागे धावतात, कारण तिथे माणूस समोर दिसतो. प्रत्यक्षात फुटपाथ ही पालिकेची मेहेरबानी नव्हे. मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ च्या कलम ६१ मध्ये पालिकेची बंधनकारक कर्तव्यं दिली आहेत, त्यांत सार्वजनिक रस्त्यांची बांधणी, देखभाल आणि सुधारणा येते. पत्रात या कलमाचा उल्लेख जरूर करा. पत्राचा सूर विनंतीचाच ठेवा, पण विनंतीला कायद्याचा आधार आहे हे समोरच्याला कळू द्या.

अर्थसंकल्प सहसा फेब्रुवारीत मांडला जातो. गेल्या काही वर्षांत पालिका त्याआधी, डिसेंबर-जानेवारीत, नागरिकांकडून सूचना मागवते. त्या सूचनांमधून तुमच्या गल्लीचा फुटपाथ थेट अर्थसंकल्पात येईल अशी फार आशा नको. खरी जागा विभाग कार्यालयात आहे: तिथले अभियंते पुढच्या वर्षाच्या कामांची यादी दिवाळीच्या आसपास जुळवायला लागतात. तेव्हा तुमचं पत्र, नकाशा आणि फोटो त्यांच्या टेबलावर असतील तर काम यादीत शिरतं. फेब्रुवारीत गेलात तर ‘पुढच्या वर्षी बघू’ हे उत्तर ठरलेलं.

नगरसेवकांना त्यांच्या प्रभागासाठी स्वतंत्र निधी असतो आणि छोट्या कामांना तो सगळ्यात लवकर मिळतो. मार्च २०२२ मध्ये पालिका सभागृहाची मुदत संपल्यावर प्रशासकाच्या काळात हा मार्ग बराच काळ बंद होता, तेव्हा त्याची किंमत अनेकांना कळली. मुंबईत २२७ प्रभाग आहेत. तुमचा प्रभाग क्रमांक आणि विभाग कार्यालयाचं अक्षर (उदा. के पश्चिम) या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, अर्जावर दोन्ही लिहा.

पालिकेने २०२३ मध्ये युनिव्हर्सल फुटपाथ धोरण जाहीर केलं. अपंग, वृद्ध, बाबागाडीतली मुलं अशा सगळ्यांना वापरता येतील असे फुटपाथ, ही त्यामागची कल्पना. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचना (आयआरसी १०३) चालण्यासाठी किमान १.८ मीटर मोकळी रुंदी सांगतात, आणि २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा सार्वजनिक जागा सुगम करण्याची सक्ती करतो. टेप घेऊन मोजा. ‘फुटपाथ खराब आहे’ असं लिहिलेल्या अर्जापेक्षा ‘मोकळी रुंदी ०.७ मीटर, त्यात दोन खांब आणि एक फीडर पिलर (विजेची पेटी)’ असं लिहिलेल्या अर्जाला उत्तर टाळणं अवघड जातं.

आमदार, खासदार आणि जिल्हा नियोजन

आमदार स्थानिक विकास निधी सध्या वर्षाला ५ कोटी रुपये आहे, खासदारांचाही तेवढाच. मुंबईत विधानसभेचे ३६ आणि लोकसभेचे ६ मतदारसंघ आहेत. एवढं पुरेसं वाटलं तरी ५ कोटींवर मागणाऱ्यांची रांग मोठी असते: समाजमंदिर, व्यायामशाळा, शौचालय, उद्यान. विधान परिषदेच्या सदस्यांनाही हा निधी असतो आणि राज्यसभेचे खासदार ज्या राज्यातून निवडून आले त्या राज्यात कुठेही काम सुचवू शकतात. त्यांच्या दारात तुमच्या मतदारसंघाची गर्दी नसते, हे लक्षात असू द्या.

दोन्ही निधींची वाट सारखीच आहे. लोकप्रतिनिधी लेखी शिफारस करतो आणि ती जिल्हाधिकारी कार्यालयात जाते. शहर जिल्ह्याचं कार्यालय फोर्टच्या जुन्या कस्टम हाऊसमध्ये आहे, उपनगराचं वांद्रे पूर्वेला. तिथून काम पालिकेकडे किंवा म्हाडाकडे अंदाजपत्रकासाठी जातं. मग प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा आणि शेवटी कार्यादेश, म्हणजे ठेकेदाराला काम सुरू करण्याचा आदेश. झोपडपट्टी भागातल्या पायवाटा, लाद्या, गटारं ही कामं बहुतेक म्हाडाचं मुंबई झोपडपट्टी सुधार मंडळ करतं, म्हणून तिथल्या लोकांनी पत्राची एक प्रत मंडळालाही द्यावी.

खासदार निधीचं कामकाज एप्रिल २०२३ पासून ई-साक्षी या पोर्टलवर चालतं. शिफारस मिळाल्यापासून ४५ दिवसांत जिल्हा प्रशासनाने मंजुरी द्यायची किंवा नाकारल्याचं कळवायचं असतं. खासगी मालकीच्या जागेवर हा पैसा चालत नाही, धार्मिक स्थळांसाठी चालत नाही आणि भूसंपादनासाठीही चालत नाही. सोसायटीच्या आवारातली वाट त्यामुळे आपोआप बाद होते.

जिल्हा नियोजन समितीचा निधी याहून मोठा. पालकमंत्री तिचे अध्यक्ष असतात. पण नागरिकाने तिथे थेट जाण्यात अर्थ नाही, प्रस्ताव यंत्रणेमार्फतच यावा लागतो.

बस आणि मेट्रो

थांबा हलवणं, नवा थांबा, शेड यासाठी बेस्टच्या वाहतूक विभागाला पत्र द्या आणि प्रत जवळच्या आगाराला. शेड ज्या फुटपाथवर उभी राहणार त्यावर चालायला जागा उरते का, हे तुम्हीच आधी मोजून लिहा. आमदार किंवा खासदार निधीतून शेड बांधली जाते तेव्हाही जागेला बेस्ट आणि पालिका या दोघांची संमती लागते.

मुंबईत घर घेताना मुद्रांक शुल्कासोबत १ टक्का मेट्रो अधिभार १ एप्रिल २०२२ पासून पुन्हा भरावा लागतो. तो मोठ्या वाहतूक प्रकल्पांसाठी आहे. तुमच्या गल्लीला त्यातून काही मागता येत नाही. मात्र केंद्राच्या २०१७ च्या मेट्रो धोरणात स्टेशनपर्यंत पोचण्याची सोय हा प्रकल्पाचाच भाग मानला आहे. मेट्रो स्टेशनलगतच्या फुटपाथसाठी म्हणूनच पालिकेआधी मेट्रोच्या यंत्रणेला लिहावं.

केंद्राच्या कोणत्या योजनेत मुंबई बसत नाही

हे सांगणं भाग आहे, कारण दर बैठकीत कोणीतरी ‘स्मार्ट सिटीतून का नाही मागत’ असं विचारतं. स्मार्ट सिटी अभियानात महाराष्ट्रातली आठ शहरं होती, ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीही होती, मुंबई नव्हती. ते अभियान ३१ मार्च २०२५ ला संपलंही. शहरांमधल्या मूलभूत सुविधांसाठीच्या २०१५ च्या अमृत योजनेत फुटपाथ आणि सायकल मार्गांना वाव होता, २०२१ पासूनची अमृत २.० मुख्यतः पाणी आणि मलनिस्सारणासाठी आहे. पीएम ई-बस सेवा ४० लाखांपर्यंत लोकसंख्येच्या शहरांसाठी आहे. मुंबईसारख्या त्याहून मोठ्या शहरांच्या ई-बससाठी पीएम ई-ड्राइव्ह योजना आहे आणि त्यासाठी प्रस्ताव सरकारी यंत्रणाच देतात.

सायकल मार्ग: पैसा असूनही अडतं ते इथे

वांद्रे-कुर्ला संकुलात सायकल मार्ग झाला आणि तिथे गाड्या उभ्या राहू लागल्या. पवई तलावाकाठच्या मार्गाचं याहून वाईट झालं. पाणथळ जागांच्या नियमांचा भंग म्हणून मुंबई उच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये तो बेकायदा ठरवला आणि टाकलेला भराव काढायला सांगितलं. निधी होता, ठेकेदार होता, काम सुरू होतं, परवानगीचा पाया तेवढा नव्हता. म्हणून सायकल मार्गाच्या अर्जात जमीन, सीआरझेड (किनारपट्टीवरच्या बांधकामाचे नियम), पाणथळ, झाडं आणि पार्किंग यांबद्दल आधी लिहा, लांबी-रुंदी नंतर. माझ्या मते शाळा, स्टेशन आणि बाजार जोडणारा लहानसा तुकडा मागणं शहाणपणाचं. सगळ्या उपनगराचा आराखडा मागितलात तर सल्लागार नेमला जाईल आणि अहवाल येईल.

कागद कोणते लावायचे

एक पानी अर्ज, त्यात कामाचं नाव नेमकं: कुठून कुठपर्यंत, कोणत्या बाजूला, अंदाजे किती मीटर. मोबाइलवरच्या नकाशावर आखलेली रेघ चालते. तारखेसह फोटो, त्यांतले काही गर्दीच्या वेळचे आणि एखादा पावसातला. सोसायटीच्या सर्वसाधारण सभेचा ठराव किंवा एएलएमच्या बैठकीचं इतिवृत्त, आणि रहिवाशांच्या सह्या. रस्ता पालिकेचा असल्याचं पत्र किंवा माहिती अधिकाराचं उत्तर.

यापुढचे दोन कागद तुम्ही स्वतः देऊ शकत नाही, पण विभाग कार्यालयाकडे मागू शकता, आणि बहुतेक प्रस्ताव त्यांच्यावाचूनच पडून राहतात. पहिला, हेच काम दुसऱ्या कोणत्या निधीतून मंजूर नाही असा विभाग कार्यालयाचा दाखला. दुसरा, काम झाल्यावर देखभाल कोण करणार याचं हमीपत्र. आमदाराच्या कार्यालयाला नुसतं पत्र देण्याऐवजी या दोन कागदांसाठी विभाग कार्यालयाला लिहिलेल्या पत्राची पोचही सोबत द्या. त्यांच्या स्वीय सहायकाचं काम कमी झालं की तुमचा कागद वर येतो.

फुटपाथवर फेरीवाले असतील तर ते अर्जात लपवू नका. पाहणीला आलेल्या अभियंत्याला ते दिसणारच आहेत. मोकळी वाट आणि त्यांची जागा यांचं काय करता येईल, हे दोन ओळींत सुचवा.

अर्ज दिल्यानंतर

प्रत्येक पत्रावर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. महिनाभराने विभाग कार्यालयाचे प्रमुख असलेल्या सहायक आयुक्तांना स्मरणपत्र पाठवा, पहिल्या पत्राचा क्रमांक घालून. निवडणुकीची आचारसंहिता लागली की नवी मंजुरी थांबते, त्यामुळे तारखा बघून हालचाल करा. मार्चअखेर निधी संपवायची घाई असते. तेव्हा ज्याचं अंदाजपत्रक तयार आहे त्याचं काम पटकन उचललं जातं, ही संधी दवडू नका.

कार्यादेश निघाला की त्याची प्रत मागा. त्यात ठेकेदार, रक्कम, मुदत आणि दोष दायित्व कालावधी लिहिलेला असतो. त्या कालावधीत पेव्हर उखडले किंवा कडा ढासळली तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करून द्यायचं असतं, नवा निधी लागत नाही. तक्रार १९१६ वर किंवा माय बीएमसी अॅपवर नोंदवा आणि कार्यादेशाचा क्रमांक तिच्यात लिहा.