शील आणि बाह्य रूप (ख्रिस्ती धर्मविचार)

माणसाची पारख त्याच्या अंतःकरणावरून व्हावी. पेहराव, घराणे, देहाची ठेवण किंवा धर्माचरणाचा देखावा यांवरून होऊ नये, असे सांगणारा ख्रिस्ती नीतिविचार. बायबलच्या जुन्या आणि नव्या अशा दोन्ही करारांत तो आढळतो. मात्र बायबल ज्याला बाह्य रूप म्हणते ते दोन तऱ्हांचे आहे. एक जन्माने अंगाला चिकटलेले असते, म्हणजे उंची, रंग, कूळ, गरिबी. दुसरे माणूस स्वतः उभे करतो: चव्हाट्यावरची लांबलचक प्रार्थना, चेहऱ्यावर दिसेल असा उपवास, सभास्थानातले पुढचे आसन. पहिल्यावरून कुणाला मोजू नये आणि दुसऱ्याला भुलू नये, अशा या दोन शिकवणी आहेत. प्रवचनांत त्या सर्रास एकमेकींत मिसळल्या जातात. नाशिक परिसराच्या ख्रिस्ती इतिहासात मात्र दोन्ही स्वतंत्रपणे दिसतात, म्हणून ही नोंद तिकडे अधिक वळली आहे.

शास्त्राधार

पहिल्या शिकवणीचा मुख्य आधार १ शमुवेल १६ मध्ये आहे. शौल राजा इतरांहून डोईभर उंच होता, पण त्याचे राज्य फसले. नवा राजा निवडायला शमुवेल संदेष्टा बेथलेहेमात इशायाच्या घरी गेला. थोरला मुलगा अलियाब उंचापुरा दिसताच हाच तो, असे त्याला वाटले. तेव्हा माणूस बाहेरचे पाहतो, परमेश्वर हृदय पाहतो, असे उत्तर त्याला मिळाले आणि मेंढरे राखणाऱ्या धाकट्या दाविदाचा अभिषेक झाला. गंमत अशी, की हे सांगून पाच ओळी होतात न होतात तोच दावीद तांबूस वर्णाचा, सुंदर डोळ्यांचा आणि देखणा होता, असे तोच लेखक कौतुकाने लिहितो. रूप निवडीचा निकष नव्हते, एवढेच त्याला म्हणायचे आहे. रूपाशी त्याचे वैर नाही. याकोबाच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात हेच सूत्र मंडळीच्या व्यवहारात उतरते. सभेत सोन्याची अंगठी घातलेला आणि मळक्या कपड्यांतला असे दोघे आले असता एकाला बरी जागा आणि दुसऱ्याला पायापाशी बैस, असे सांगणाऱ्यांना याकोब दुष्ट विचारांचे न्यायाधीश ठरवतो.

दुसरी शिकवण मत्तयकृत शुभवर्तमानाच्या सहाव्या आणि तेविसाव्या अध्यायांत आहे आणि तिची भाषा फार तिखट आहे. ताटवाटी बाहेरून घासता, आत जुलूम आणि असंयम भरलेला आहे, असे येशू परूशी (नियम काटेकोर पाळणारा यहुदी पंथ) आणि शास्त्री (धर्मशास्त्राचे जाणकार) यांना सुनावतो आणि त्यांना चुना लावलेल्या कबरांची उपमा देतो. या चुन्याचा संदर्भ ठाऊक नसेल तर अर्धी धार जाते. कबरेला शिवलेला माणूस सात दिवस अशुद्ध राही. म्हणून वल्हांडण या यहुदी सणाच्या आधी, अदार या यहुदी महिन्यात, कबरांना चुना लावला जाई, म्हणजे परगावाहून आलेल्या यात्रेकरूचा नकळत स्पर्श होऊन त्याचा सण बुडू नये. चुना मुळात सावधगिरीची खूण होता, पण उन्हात ती खूणच शोभिवंत दिसे. लूक तर हीच उपमा उलटी फिरवतो: त्याच्या शुभवर्तमानात परूशी म्हणजे न दिसणाऱ्या कबरा, ज्यांच्यावरून लोक न कळता चालत जातात. एका उपमेत फसवणूक चकाकते, दुसरीत ती दिसतच नाही. आणि दुसरी अधिक धोक्याची वाटते.

हे सारे यहुद्यांविरुद्ध ख्रिस्ती म्हणून वाचण्याची जुनी खोड चर्चला आहे आणि ती अन्यायाची आहे. वस्त्रे नव्हे, अंतःकरणे फाडा, असे योएल संदेष्ट्याने येशूच्या शेकडो वर्षे आधी म्हटले होते. तालमूद या यहुदी धर्मग्रंथात परूशांचे सात प्रकार सांगून त्यांतल्या बहुतेकांची खिल्ली उडवली आहे. ही टीका घरातल्यांनी घरातल्यांवर केलेली होती.

१ पेत्र ३ मधील वचन स्त्रियांना उद्देशून आहे. केसांचे गुंफणे, सोन्याचे दागिने आणि उंची वस्त्रे यांऐवजी अंतःकरणातील गुप्त मनुष्यत्व, सौम्य आणि शांत आत्मा हे भूषण असावे, असे ते सांगते. हे वचन दागिन्यांच्या वादात इतके वापरले गेले आहे, की त्याचा संदर्भ मागे पडला. पती विश्वासात नाही अशा बायकांना पेत्र लिहीत होता. एक शब्दही न बोलता केवळ वागणुकीने त्यांना जिंकून घ्या, असा तो सल्ला होता.

चर्चच्या इतिहासात

चौथ्या-पाचव्या शतकांत उत्तर आफ्रिकेतील दोनातपंथीयांनी हा विचार टोकाला नेला. छळाच्या काळात कच खाल्लेल्या धर्मगुरूंनी दिलेले संस्कार ते ग्राह्य मानीत नसत. ऑगस्टीनने त्याविरुद्ध मांडले, की संस्कार ख्रिस्ताचा आहे, देणाऱ्याच्या शीलावर तो अवलंबून नाही. शीलाचा आग्रह धरणाऱ्या धर्माने स्वतःच घातलेली ही मर्यादा महत्त्वाची आहे. फादर कसे आहेत याची छाननी करून मग मिस्सेला (कॅथलिक उपासनेला) जावे, असे ठरले असते तर मिस्सा कुठेच झाली नसती. सोळाव्या शतकात धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने झाड चांगले असेल तर फळ चांगले, या वचनावर भर देऊन सत्कृत्ये माणसाला चांगले करीत नाहीत, असे ठासून सांगितले. इंग्लंडात १५६० च्या दशकात पाळकाने पांढरा झगा घालावा की नाही, यावर मोठा वाद पेटला.

भारतात प्रश्न वेगळ्या बाजूने आला. मदुराईत रॉबर्टो दे नोबिली या इटालियन जेझुइट मिशनऱ्याने १६०६ नंतर संन्याशाचा वेष घेतला. जानवे, शेंडी आणि गंध ही कुळाची चिन्हे की धर्माची, हा वाद रोमपर्यंत गेला आणि १६२३ मध्ये पोप पंधरावा ग्रेगरी यांनी ती राखण्यास परवानगी दिली. बाप्तिस्म्याने माणसाचे आतले बदलावे हे सर्वांना मान्य होते. बाहेरचे किती बदलावे, यावर आजही एकमत नाही.

नाशिक परिसर

गोदावरीकाठचे नाशिक हे सोवळेओवळे, क्षौर, स्नान आणि भगव्या वस्त्रांचे क्षेत्र. इथे धर्म डोळ्यांना दिसतो, सिंहस्थात तर लाखोंच्या संख्येने दिसतो. १७९९ मध्ये स्थापन झालेल्या चर्च मिशनरी सोसायटीने १८३२ मध्ये येथे काम सुरू केले. ही अँग्लिकन संस्था मनःपरिवर्तनावर भर देणाऱ्यांची होती. तिचे मिशनरी विल्यम सॉल्टर प्राइस यांनी १८५० च्या दशकात शरणपूर ही ख्रिस्ती वसाहत उभारली, कारण बाप्तिस्मा घेणाऱ्याचे घर आणि धंदा दोन्ही एकदम सुटत. वसाहतीत सुतारकाम, लोहारकाम शिकवले जाई. पोटासाठी बाटले, हा टोमणा तेव्हापासूनचा. तो पूर्णपणे खोटा होता असे म्हणता येत नाही, पण दुसऱ्याच्या पोटावरून त्याचे मन ओळखल्याचा दावा करणे हेही बाहेरून पाहणेच झाले.

अरबी समुद्रात गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुलेही शरणपुरात आणली गेली. त्यांना नवी नावे, नवे कपडे, इंग्रजी आणि हाताला काम मिळाले. १८६६ मध्ये आफ्रिकेचे संशोधक डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांनी आपल्या तिथल्या मोहिमेत अशी नऊ मुले नेली आणि ती कामचुकार असल्याच्या तक्रारी रोजनिशीत लिहिल्या. पुढे १८७२ मध्ये मदतीसाठी पाठवलेल्या तुकडीतही नाशिकची मुले होती. मे १८७३ मध्ये आजच्या झांबियात लिव्हिंग्स्टन यांचे निधन झाले. सोबतच्या माणसांनी त्यांचे हृदय तिथेच झाडाखाली पुरले आणि वाळवलेला देह महिनोन्‌महिने चालत समुद्रकिनाऱ्यापर्यंत आणला. पुरताना प्रार्थना वाचली ती शरणपुरात शिकलेल्या जेकब वेनराइट याने, आणि १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर अॅबेमध्ये शवपेटीच्या मानकऱ्यांत तो होता. मालकाचा हुकूम नाही, पाहणारे कुणी नाही, अशा वाटेवर ही माणसे चालली. रोजनिशीतल्या त्या तक्रारींशेजारी हे ठेवून पाहावे.

सोवळ्याचा विचार लक्ष्मीबाई टिळक यांच्याशिवाय पुरा होत नाही. नाशिकजवळच्या जलालपूर येथे गोखल्यांच्या घरात १८६८ मध्ये त्यांचा जन्म झाला. वडिलांचे सोवळे पराकोटीचे होते आणि त्यापायी घरादाराचे झालेले हाल ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात त्यांनी हसतहसत सांगितले आहेत. पती नारायण वामन टिळक यांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई काही वर्षे वेगळ्या राहिल्या. पुन्हा एकत्र नांदू लागल्यावरही त्यांनी आपले पाणी आणि स्वयंपाक निराळा ठेवला, आणि टिळकांनी तो ठेवू दिला. इथे पेत्राच्या पत्रातली जोडी उलटी झाली आहे: विश्वासात पती, बाहेर पत्नी, आणि गप्प राहून वागणुकीने जिंकण्याची पाळी पतीची. टिळकांचा तापट स्वभाव पाहता ते त्यांना सोपे गेले नसावे. पुढे राहुरीत असताना जात देवाने केली की माणसाने, या एका विचाराने लक्ष्मीबाईंचे सोवळे सुटले आणि त्यांनी कुणाच्याही हातचे खाण्यापिण्याचे ठरवले. बाप्तिस्मा त्यानंतरचा. मार्काच्या सातव्या अध्यायात हात न धुता जेवण्यावरून झालेला वाद आणि बाहेरून आत जाणारे काही माणसाला विटाळत नाही हे उत्तर महाराष्ट्रात कुणी अंगावर घेऊन जगले असेल, तर ते त्यांनी. १९३६ मध्ये नाशिकमध्येच त्यांचे निधन झाले.

टिळकांनी मात्र बाहेरचे सोडून न देता ते नव्याने निवडले. १९१७ मध्ये अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडून ते ख्रिस्ती संन्यासी झाले, आणि साताऱ्यात स्थापलेल्या ‘देवाचा दरबार’ या बंधुमंडळात बाप्तिस्मा घेतलेल्यांइतकेच न घेतलेल्यांनाही स्थान दिले. येशूचा शिष्य कोण, हे मंडळीच्या नोंदवहीवरून ठरू नये, असा त्याचा अर्थ होता. मिशनच्या अनेकांना ते रुचले नाही.

मराठी भक्तिपरंपरेशी या विचाराचे नाते सांगताना चोखोबांचा ‘ऊस डोंगा परी रस नोहे डोंगा’ हा अभंग हमखास आठवतो. तो पहिल्या शिकवणीच्या जवळचा आहे. डोंगेपणा (वाकडेपणा) जन्माने माथी मारलेला आहे, उसाने तो मिरवण्यासाठी घेतलेला नाही. परूशांवरील टीकेला जुळणारे मराठी हवे असेल तर ‘वरून कीर्तन, आतून तमाशा’ ही म्हण आहे. तमाशा कलावंतांवर ती अन्याय करते, हे जाता जाता नोंदवायला हवे.

आजचे आचरण

उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, राखेच्या बुधवारी, कॅथलिक भाविकांच्या कपाळावर राखेने क्रूस काढतात, आणि त्याच मिस्सेत मत्तय ६ वाचतात: उपवास करताना डोक्याला तेल लाव, तोंड धू, म्हणजे लोकांना कळणार नाही. हा विरोध उघड आहे आणि धर्मगुरू तो लपवीत नाहीत. सकाळची मिस्सा आटोपून कामावर जाणाऱ्याला कपाळ पुसावे की तसेच ठेवावे, हे ठरवावे लागते. भस्म लावलेले कपाळ ज्या गावात नवल नाही, तिथे ती राख निराळीच वाचली जाण्याचाही संभव असतो.

भारतातील कॅथलिक बिशपांच्या विनंतीवरून रोमने १९६९ मध्ये उपासनेतील बारा बदलांना मान्यता दिली. त्यांत मांडी घालून बसणे, पंचांग प्रणाम, समई आणि अंगावर शाल यांचा समावेश होता. हे अंतःकरणातली श्रद्धा आपल्या वेषात आणणे आहे, असे एकांना वाटले, तर हा नुसता मुलामा आहे, असे दुसऱ्यांना. दलित पार्श्वभूमीच्या काही ख्रिस्ती विचारवंतांनी आणखी एक हरकत घेतली: ज्या चिन्हांपासून सुटायला आमचे पूर्वज इकडे आले, तीच देवळात पुन्हा कशाला? चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या प्रॉटेस्टंट चर्चच्या मंडळ्यांत पाळकाचा झगा टिकला आहे. पेन्टेकॉस्टल मंडळ्यांत पाळक साध्या शर्टात उभा राहतो आणि काही ठिकाणी स्त्रियांकडून दागिने उतरवण्याची अपेक्षा असते. मंगळसूत्रात क्रूस ओवणारी आणि मंगळसूत्र काढून ठेवणारी, दोघीही १ पेत्र ३ चाच दाखला देऊ शकतात. साधेपणाचीही शेखी मिरवता येते, हे मात्र कमी सांगितले जाते.

नाशिक रोडच्या बाळ येशू मंदिराची यात्रा फेब्रुवारीच्या दुसऱ्या शनिवार-रविवारी भरते आणि मुंबई, गोव्याकडून भाविक येतात. ही भक्ती प्रागच्या बाळ येशूची. तिथली सुमारे ४७ सेंटिमीटर उंचीची मूर्ती पोलिक्सेना लोब्कोविच यांनी १६२८ मध्ये कार्मेल मठाला दिली, आणि उपासनेच्या ऋतूनुसार तिचे पोशाख बदलतात. गव्हाणीत कापडात गुंडाळलेल्या बाळाला मुकुट आणि जरतारी झगा घालणे हे प्रॉटेस्टंटांना खटकते. कॅथलिक उत्तर असे, की अंतःकरणाला हात असतात आणि प्रेम करणारे हात सजवतातच. सजावट देवासाठी की शेजाऱ्यासाठी, हे मात्र पोशाख पाहून कळत नाही.