हिरवेच पिकणारे टोमॅटो

पूर्ण पिकल्यावरही गर हिरवाच राहतो अशा टोमॅटो वाणांचा गट. नाशिक जिल्ह्यात ‘हिरवा टोमॅटो’ म्हटले की डोळ्यांसमोर येतो तो कच्चा टोमॅटो, तीळ-शेंगदाणे घालून केलेल्या चटणीचा. ही नोंद त्याच्याविषयी नाही. या वाणांचे फळ मऊ होते, रसाला येते, गोड होते, आतले बी पक्व होते. हिरवेपण मात्र जात नाही. कागदी आवरणात वाढणारा मेक्सिकोतील टोमॅटिलो हेही निराळे फळ, ते रसभरीच्या जवळचे.

एरवी टोमॅटो पिकू लागला की त्यातले हरितद्रव्य मोडते आणि लायकोपिन हे लाल रंगद्रव्य साचते. या वाणांत दोन्ही वाटा अडलेल्या असतात. एका जनुकातील दोषामुळे हरितद्रव्य मोडत नाही, दुसऱ्यातील दोषामुळे लाल रंग तयार होत नाही. पहिला दोष एकटाच असला तर लाल आणि हिरवा मिसळून तपकिरी, ‘काळा’ म्हणून विकला जाणारा टोमॅटो मिळतो. दुसरा एकटाच असला तर पिवळा. दोन्ही एकत्र आले तरच फळ हिरवे राहते. ग्रेगोर मेंडेलने ज्या हिरव्या-पिवळ्या वाटाण्यांवरून आनुवंशिकतेचे नियम मांडले, त्या वाटाण्यातील हिरवा रंग टिकवणारे जनुक आणि टोमॅटोतील हे पहिले जनुक एकाच घराण्यातले आहे. सालीचा रंग आणखी वेगळ्या जनुकावर ठरतो. साल पिवळी असेल तर पिकलेल्या फळावर सोनेरी झाक येते, साल बिनरंगी असेल तर फळ पोपटीच दिसते.

सर्वांत परिचित वाण ‘ग्रीन झेब्रा’. अमेरिकेतील टॉम वॅग्नर यांनी तो तयार करून १९८३ मध्ये बाजारात आणला. फळ लहान, गर्द आणि फिकट पट्ट्यांचे, चवीला आंबटगोड. ‘आंट रुबीज जर्मन ग्रीन’ हा टेनेसी राज्यातला जुना घरगुती वाण. त्याचे फळ अर्धा किलोपर्यंत भरते आणि पिकताना बुडाशी गुलाबी छटा येते. ‘एव्हरग्रीन’ आणि ‘चेरोकी ग्रीन’ हेही याच गटातले.

लागवड नेहमीच्या टोमॅटोसारखीच: गादीवाफा, ठिबक, मल्चिंग पेपर, बांबू-तार-सुतळीची बांधणी. बहुतेक वाण सतत उंच वाढणारे असल्याने बांधणीत हयगय चालत नाही. नाशिकचा मुख्य हंगाम जून-जुलैच्या लावणीचा, पण या वाणांना तो मानवत नाही. त्यांची साल पातळ असते, पावसात फळे तडकतात, करपा लवकर धरतो. संकरित वाणांत असलेली लीफ कर्लची (पांढऱ्या माशीमार्फत पसरणाऱ्या, पाने आखडवणाऱ्या विषाणूरोगाची) प्रतिकारशक्ती या जुन्या वाणांत नसते, म्हणून रोपवाटिकेपासूनच पांढरी माशी रोखावी लागते. ऑगस्टअखेर ते सप्टेंबरची लावण बरी. त्याहून उशीर केला तर निफाडची थंडी आड येते. पारा एक अंकी झाला की फळ झाडावर नुसते थांबून राहते. पाणी कधी जास्त, कधी कमी झाले तर ‘ग्रीन झेब्रा’च्या फळांचे बूड काळे पडते. कॅल्शियम फळापर्यंत पोचत नाही हे त्यामागचे कारण, आणि नेमाने पाणी देणे हा पहिला उपाय.

खरी कसोटी खुडणीची. टोमॅटो खुडणारे हात डोळ्यांच्या भरवशावर चालतात: कलर आला की तोडायचा. इथे तो इशाराच मिळत नाही. पण रंगाविना पक्वता ओळखणे नाशिकला नवे नाही. थॉमसन द्राक्षाचा मणी हिरवाच पिकतो. बागायतदार त्यातली अंबर झाक पाहतो, मणी चाखतो, गोडी ब्रिक्समध्ये (रसातल्या साखरेच्या मापात) मोजतो आणि मग घड उतरवतो. आंबाही पाडाला आल्याचे त्याच्या खांद्यांवरून कळते, सालीच्या रंगावरून नव्हे. हीच नजर टोमॅटोकडे वळवावी लागते. फळाचे बूड आधी बदलते, म्हणून फळ खालून पाहावे. गर्द हिरव्याचे पोपटी होते, साल किंचित पारदर्शक भासते, पट्टेदार वाणात फिकट पट्टे पिवळसर होतात. मग अंगठ्याने अगदी हलके दाबावे. पिकलेले फळ लोण्यासारखे दबत नाही, पण नमते. देठाच्या गाठीवर वाकवताच ते सहज सुटते. फुलोऱ्याला तारखेची चिठ्ठी बांधणे हा सर्वांत भरवशाचा उपाय: फुलापासून फळ पिकेपर्यंत साधारण ४५ ते ६० दिवस लागतात, त्यामुळे ४० व्या दिवसापासून रोज हात लावून पाहावे. या ओळी लाल टोमॅटोत मिसळू नयेत आणि त्यांची खुडणी एकाच माणसाकडे ठेवावी, कारण हाताचा अंदाज सवयीने बसतो. दोन-चार दिवस जास्त राहिले की गर पिठूळ होतो.

पिंपळगाव बसवंत किंवा गिरणारे येथील टोमॅटो बाजारात क्रेटचा भाव रंग आणि टणकपणा पाहून बोलला जातो, आणि लांबच्या वाटेचा माल अर्धवट रंगावरच तोडला जातो. हिरवे पिकलेले फळ तिथे कच्चे समजले जाणार. २०२० च्या उन्हाळ्यात ‘तिरंगा’ म्हणून ओळखल्या गेलेल्या रोगाने फळांचा रंग बिघडला तेव्हा रंगाची ही सक्ती शेतकऱ्यांना फार जड गेली. त्यामुळे या वाणांची जागा परसबागेत, किंवा ओळखीच्या गिऱ्हाइकाला थेट विक्रीत.

स्वयंपाकात ते न शिजवताच खावेत. फळातल्या आंबटपणात आचेवर हरितद्रव्यातील मॅग्नेशियम निघून जाते आणि हिरवा रंग मळकट होतो. भाजीची चव बिघडत नाही, पण ज्यासाठी ते लावले ते रूप जाते. कांदा, दाण्याचे कूट आणि कोथिंबीर घातलेल्या कोशिंबिरीत ते शोभून दिसतात.

हे वाण सरळ जातीचे, म्हणजे संकरित नसलेले, असल्याने घरचे बी धरता येते. पूर्ण पिकलेल्या फळाचा गर-बी दोन-तीन दिवस आंबवावे, धुवावे, सावलीत वाळवावे. टोमॅटो बहुतांशी स्वपरागित असला तरी मधमाश्यांमुळे कधी लाल वाणाशी संकर होतो. दोन्ही दोष अप्रभावी, म्हणजे जोडीला निर्दोष जनुक असले की झाकले जाणारे, असल्यामुळे अशा बियांच्या पहिल्या पिढीत सगळी फळे लाल येतात. ती झाडे उपटू नयेत. त्यांचे बी पुन्हा पेरले तर सरासरी दर १६ झाडांत ९ लाल, ३ तपकिरी, ३ पिवळी आणि १ हिरवे निघते.