मधुमेहात रक्तातील साखर उतरणे

मधुमेहाच्या रुग्णाच्या रक्तातील ग्लुकोजचे प्रमाण दर डेसिलिटरला ७० मिलिग्रॅमच्या खाली जाणे. वैद्यकात याला हायपोग्लायसेमिया म्हणतात. घरोघरी ‘शुगर लो झाली’ असे म्हणतात. प्रमाण ५४ च्या खाली गेले तर स्थिती चिंताजनक समजतात. त्यापुढची तीव्र अवस्था आकड्यावर ठरत नाही. रुग्णाला स्वतःचे स्वतः सावरता येईनासे झाले आणि दुसऱ्याची मदत लागली, की साखर तीव्र उतरली असे मानतात.

ही मुख्यतः उपचारातून उद्भवणारी अडचण आहे. टोरांटोत १९२२ मध्ये इन्सुलिनचा वापर सुरू झाला तेव्हापासून ती डॉक्टरांना माहीत आहे. इन्सुलिनखालोखाल ग्लायमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड या गोळ्यांनी साखर उतरते; मधुमेहाची दुसरी गोळी मेटफॉर्मिन, नुसत्या तिने सहसा उतरत नाही. डोस नेहमीचाच असतो, पण जेवण लांबते, कमी होते, उलटून पडते किंवा त्या दिवशी चालणे फार होते. मद्य यकृताला नवे ग्लुकोज तयार करू देत नाही, त्यामुळे रात्री रिकाम्या पोटी प्यायलेल्याची साखर दुसऱ्या दिवशी सकाळीही उतरू शकते. मूत्रपिंडे थकलेली असली की औषधाचा असर लांबतो.

आपल्याकडे उपासाचा विचार वेगळा करावा लागतो. संकष्टीला चंद्रोदयापर्यंतचा उपास, नवरात्र, रमजानचे रोजे या काळात जेवणाच्या वेळा बदलतात, गोळी मात्र नेमाने घेतली जाते. डॉक्टर ‘उपास करू नका’ म्हणून मोकळे होतात आणि रुग्ण तो त्यांना न सांगता करतो; त्यापेक्षा आधी विचारून डोस बदलून घेणे कितीतरी बरे. उपासात बोटातून रक्त काढून साखर तपासायला हरकत नसावी. ती ७० च्या खाली दिसली तर चंद्राची वाट न पाहता उपास तिथेच मोडावा.

सुरुवातीला शरीर ॲड्रेनलिन हे संप्रेरक सोडून इशारा देते : दरदरून घाम, हातांना कापरे, छातीत धडधड, कडकडून भूक, ओठांभोवती मुंग्या. साखर आणखी उतरली की मेंदूला ग्लुकोज पुरत नाही. मग माणूस असंबद्ध बोलतो, विनाकारण चिडतो, झोकांड्या खातो. पुढे झटके येतात, शुद्ध हरपते. अशा माणसाला दारुडा समजून लोक बाजूला होतात, तर म्हाताऱ्या माणसाची भ्रमिष्ट बडबड वयावर ढकलली जाते. क्वचित एका अंगाची शक्ती जाऊन पक्षाघाताचाच भास होतो. झोपेत साखर उतरल्यास वाईट स्वप्ने पडतात, कपडे घामाने भिजतात आणि सकाळी डोके दुखते.

रुग्ण शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल तर लगेच १५ ग्रॅम ग्लुकोज द्यावे. तीन-चार चहाचे चमचे ग्लुकोज पावडर किंवा साखर पाण्यात विरघळवून, नाहीतर अर्धा पेला फळांचा गोड रस चालतो. ग्लुकोमीटर हाताशी नसला तरी लक्षणे दिसताच गोड द्यावे. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे आणि साखर ७० च्या खालीच असेल तर तेवढेच पुन्हा द्यावे. ती वर आल्यावर जेवणाला वेळ असेल तर पोळी किंवा दूध-बिस्किटे द्यावीत. पेढा, चॉकलेट, लाडू यांतल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते; डाएट कोल्ड्रिंकने काहीच होत नाही. अकार्बोज किंवा व्होग्लिबोज या मधुमेहाच्या गोळ्या आतड्यात साखरेचे पचन मंदावतात; त्या घेणाऱ्यांना साध्या साखरेचा गुण लवकर येत नाही. त्यांनी ग्लुकोजच जवळ बाळगावे.

बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नये. ते श्वासनलिकेत जाऊ शकते. त्याला कुशीवर वळवावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ग्लुकॅगॉनचे (रक्तातील साखर वाढवणाऱ्या संप्रेरकाचे) इंजेक्शन असेल तर द्यावे. रुग्णालयात शिरेतून ग्लुकोज देतात. गोळ्यांमुळे उतरलेली साखर वर येऊनही काही तासांनी पुन्हा घसरते, म्हणून अशा रुग्णाला दिवसभर तरी देखरेखीखाली ठेवतात.

भारतात आणखी एक घोटाळा संभवतो. कुपीतले इन्सुलिन बहुधा एका मिलिलिटरला ४० युनिटचे असते, पेनमधले १०० चे. १०० चे इन्सुलिन ४० च्या सिरिंजने त्याच खुणेपर्यंत भरले तर डोस अडीचपट होतो. सिरिंज आणि औषधावरचा आकडा जुळवूनच टोचावे.

साखर वारंवार उतरत राहिली की शरीराचे इशारेच बोथट होतात. प्रोप्रॅनोलॉलसारख्या रक्तदाबाच्या व हृदयविकाराच्या गोळ्या धडधड आणि कापरे झाकतात, घाम मात्र येतो. इशारे हरवलेल्यांनी गाडी चालवण्यापूर्वी साखर तपासावी. काही आठवडे साखर अजिबात उतरू दिली नाही तर ही जाणीव बरीचशी परतते; तेवढ्यासाठी डॉक्टर साखरेचे लक्ष्य मुद्दाम थोडे वर ठेवतात.